मुद्दलाला हात लावायचा नाही, पण लागतो

"अगं, हे बघ. आठ पैसे सुटलेत ह्या महिन्यात."

मामांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मेसेज त्यांचा नव्हता, कंपनीतल्या मित्राने फॉरवर्ड केलेला होता. मित्राच्या नावावर कुठल्याशा म्युच्युअल फंडाचे एक लाख युनिट, दर युनिटमागे आठ पैसे, म्हणजे आठ हजार रुपये खात्यात जमा. "एफडीपेक्षा बरंच की. आणि मुद्दल जागच्या जागी."

त्या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही पुढचे दोन तास बसलो.

मामा मागच्या वर्षी चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे असं सगळं मिळून साठ लाखांच्या आसपास हातात आलं. पेन्शन आहे, पण ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची. तिचा हिशोब पगाराच्या १५ हजारांच्या मर्यादेवर होतो. नोकरीची वर्षं गुणिले पगार भागिले सत्तर. पूर्ण पस्तीस वर्षं त्या मर्यादेने धरली तरी साडेसात हजारांच्या वर जात नाही, आणि मर्यादा पूर्वी त्याहून कमी होती. मामांना साडेचार हजार येतात. म्हणजे घर चालायचं ते ह्या साठ लाखांवर. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आणला, एफडीचे दर उतरले, आणि निवृत्त माणसांच्या मोबाइलवर 'दरमहा उत्पन्न' असलेल्या जाहिराती वाढल्या. मामांच्या मित्राचे आठ पैसे त्यातलेच.

मी त्या फंडाचे जुने भाव काढून दाखवले. वाटपाच्या आदल्या दिवशी युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, १४ रुपये २० पैसे. दुसऱ्या दिवशी १४ रुपये १२ पैसे. बाजार त्या दिवशी जागचा हललाही नव्हता. मित्राच्या एक लाख युनिटांची किंमत १४ लाख २० हजार होती, ती १४ लाख १२ हजार झाली. गेलेले आठ हजार बँकेच्या खात्यात आले. डाव्या खिशातून उजव्या खिशात.

"मग व्याज कुठाय ह्यात?" मामा म्हणाले.

प्रश्न बरोबर होता. व्याज नाहीच ह्यात. एफडीत बँक तुमची कर्जदार असते: मुद्दल एका बाजूला, त्यावरचं व्याज दुसऱ्या बाजूला, दोघांत स्पष्ट रेघ. फंडात तुम्ही कोणाला कर्ज दिलेलं नसतं, एका मोठ्या गाठोड्यातला वाटा विकत घेतलेला असतो. गाठोड्यात असतात सरकारी रोखे, कंपन्यांचे रोखे, कधी थोडे शेअर. त्या सगळ्यांची आजची किंमत भागिले युनिट म्हणजे एनएव्ही. रोख्यांवरचं व्याज गाठोड्यात येतं आणि भावात मिसळून जातं. त्यातून काही बाहेर काढलं की भाव तेवढा खाली येतो. काढलेलं व्याज होतं की मुद्दल हे गाठोड्याला ठाऊक नसतं. ती रेघ आपणच आखायची असते, आणि बहुतेकजण ती आखत नाहीत.

फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने हे नावातच घालायचा प्रयत्न केला. ज्याला आपण 'डिव्हिडंड ऑप्शन' म्हणायचो त्याचं नाव १ एप्रिल २०२१ पासून 'आयडीसीडब्ल्यू' झालं. पूर्ण अर्थ: उत्पन्नाचं वाटप आणि त्यासोबत भांडवलाची उचल. भांडवलाची उचल! इतकं सरळ लिहिलंय, पण चार इंग्रजी अक्षरांत ते असं दडलं की पाहणाऱ्याला ते एखाद्या परीक्षेचं नाव वाटतं. त्याआधी 'मंथली इन्कम प्लॅन' नावाचे फंड होते, एमआयपी. पोस्टातल्या मासिक प्राप्ती योजनेचं नावही जवळजवळ हेच, त्यामुळे लोक दोन्हींना एकच समजत. पोस्टाची हमी सरकारची. फंडाच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की मासिक उत्पन्नाची खात्री नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने फंडांची वर्गवारी केली तेव्हा ह्या जातीच्या फंडांना 'कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड' हे नाव मिळालं: ७५ ते ९० टक्के रोखे, १० ते २५ टक्के शेअर. नाव अवघड झालं, पण खोटं राहिलं नाही.

आमच्या घरात हा धडा पूर्वी एकदा झालाय. आजोबांकडे यूएस-६४ ची युनिटं होती. १९६४ साली युनिट ट्रस्टने काढलेली ही योजना त्या पिढीला बँकेइतकीच पक्की वाटायची; जुलैत लाभांश यायचा आणि तो लोक 'युनिटचं व्याज' म्हणायचे. युनिटचा भाव ट्रस्ट स्वतः ठरवत असे, आतल्या गुंतवणुकीच्या खऱ्या किमतीशी तो जुळलेला नव्हता. आत शेअर भरलेले, बाहेर लाभांश चालूच. १९९८ मध्ये राखीव निधी उणे झाल्याचं बाहेर आलं. जुलै २००१ मध्ये तर खरेदी-विक्रीच सहा महिने बंद. शेवटी सरकारला उतरावं लागलं आणि त्या युनिटांच्या जागी ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे देण्यात आले, जे २००८ मध्ये फिटले. आजोबांचे पैसे बुडाले नाहीत. पण ज्याला ते व्याज समजत होते ते व्याज नव्हतं, हे त्यांना कोणी शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. मामांना हे आठवत होतं. "बाबा रोज पेपर उघडून पहिल्यांदा तेच पान बघायचे," म्हणाले.

आज फंडाचा भाव रोज जाहीर होतो, त्यामुळे तशी लपवाछपवी होत नाही. गैरसमज मात्र तोच आहे.

तर मग फंडातून दरमहा पैसे घ्यायचेच असतील तर कसे? दोन वाटा आहेत. एक हा आयडीसीडब्ल्यू, ज्यात किती आणि कधी द्यायचं ते फंडवाले ठरवतात. ह्या महिन्यात आठ पैसे, पुढच्या महिन्यात सहा, त्याच्या पुढे काहीच नाही, असंही होतं आणि त्यांना कोणी जाब विचारू शकत नाही. दुसरी वाट एसडब्ल्यूपी. फंड 'ग्रोथ' पर्यायात ठेवायचा, ज्यात वाटप होत नाही आणि सगळं भावातच राहतं, आणि दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक रुपयांची युनिटं विकून पैसे खात्यात टाका असं एकदा लिहून द्यायचं. एसआयपीच्या उलट. रक्कम तुम्ही ठरवता, थांबवता, वाढवता. निवृत्तीसाठी मी तरी दुसरीच वाट सांगते. त्यात आपण युनिटं विकतोय हे डोळ्यांसमोर राहतं. स्टेटमेंटवर दर महिन्याला युनिटांचा आकडा कमी झालेला दिसतो आणि माणूस जागा राहतो.

उदाहरण घेऊ. २० लाख रुपये ५० रुपयांच्या भावाने गुंतवले. युनिटं झाली ४०,०००. वर्षाने भाव ५३ रुपये ५० पैसे झाला, म्हणजे सात टक्के वाढ. आता १०,००० रुपये हवेत तर १८६.९ युनिटं विकावी लागतील. ती आपण घेतली होती ९,३४६ रुपयांना. म्हणजे ह्या दहा हजारांत नफा फक्त ६५४ रुपयांचा, बाकी आपलंच मुद्दल परत आलेलं. कर लागला तर त्या ६५४ वर. एफडीचं दहा हजार व्याज आलं असतं तर ते सगळंच्या सगळं उत्पन्नात धरलं गेलं असतं.

एजंट मंडळींचा हा आवडता मुद्दा आहे, आणि तो खरा आहे, पण अर्धा. वर्षं सरतील तसा त्या दहा हजारांतला नफ्याचा हिस्सा वाढत जातो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या रोखेप्रधान फंडांवर, कितीही वर्षं ठेवा, नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणेच कर लागतो. पूर्वी तीन वर्षांनंतर महागाईची वजावट मिळायची, ती गेली. शेअरप्रधान फंडांना वेगळा नियम: वर्षावरच्या नफ्याला सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के, हा जुलै २०२४ पासून. आणि आयडीसीडब्ल्यूचे पैसे एप्रिल २०२० पासून पूर्णच्या पूर्ण आपल्या उत्पन्नात धरले जातात, त्यात स्वतःचं मुद्दल परत आलेलं असलं तरी. म्हणजे मामांच्या मित्राने आपल्याच पैशांवर कराचा हिशोब ओढवून घेतला.

पण मामांचं काय? आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. मामांचं सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्याही आत आहे. त्यांना एफडीवरही कर नाही आणि फंडावरही नाही. ज्याला करच नाही त्याला करबचतीच्या नावाने काहीही विकायला आलं तर सरळ चहा पाजून परत पाठवावं.

आता गाठोड्याच्या आत काय असतं ते बघू, कारण "रोखे म्हणजे सुरक्षित" ही समजूत फार पसरलेली आहे. रोखा म्हणजे सरकारने किंवा कंपनीने घेतलेलं कर्ज. समजा १०० रुपयांचा, सात टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा फंडाकडे आहे. उद्या बाजारात दर आठ टक्के झाला. नवा रोखा आठ देतोय तर तुमचा सातवाला शंभराला कोण घेईल? त्याचा भाव ९३ रुपयांच्या आसपास उतरेल, म्हणजे घेणाऱ्यालाही एकूण आठ टक्केच पडतील. रोखा बुडालेला नाही, व्याज वेळेवर येतंय, तरी तुमची एनएव्ही खाली. हाच रोखा एका वर्षात फिटणारा असता तर भाव फक्त ९९ पर्यंत उतरला असता. मुदत जितकी लांब तितका झोका मोठा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या काळात रेपो दर चारवरून साडेसहावर गेला तेव्हा लांब मुदतीच्या फंडवाल्यांनी हे सोसलं. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा उलटं झालं, आणि त्या वर्षाचे परतावे जाहिरातींत झळकले. फंडाच्या महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये 'मॉडिफाइड ड्युरेशन' असा एक आकडा असतो. तो तीन असेल तर दर एक टक्का वाढल्यावर भाव साधारण तीन टक्के उतरेल, सात असेल तर सात. निवृत्त माणसाने परताव्याच्या रकान्याआधी हा आकडा बघावा.

दुसरी भीती कर्ज घेणाराच बुडण्याची. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस, २०१९ मध्ये डीएचएफएल. ह्या कंपन्यांचे रोखे ज्या फंडांत होते त्यांच्या एनएव्ही एका दिवसात खाली आल्या. पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते २३ एप्रिल २०२० चं प्रकरण. फ्रँकलिन टेम्पलटन ह्या फंड कंपनीने सहा योजना एका रात्रीत बंद केल्या, त्यात सुमारे २५ हजार कोटी अडकले. कमी पत असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांवर ह्या योजनांनी वरचं व्याज कमावलं होतं. लॉकडाऊनमध्ये लोक पैसे काढायला धावले आणि ते रोखे घ्यायला बाजारात कोणी उरलं नाही. बंद झालेल्यांत एकीच्या नावात 'शॉर्ट टर्म इन्कम', दुसरीच्या नावात 'इन्कम ऑपॉर्च्युनिटीज', तिसरी तर 'अल्ट्रा शॉर्ट'. नाव मुदतीबद्दल बोलत होतं, पतीबद्दल नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, विक्रीचं काम एसबीआयच्या फंड कंपनीकडे आलं, आणि फेब्रुवारी २०२१ पासून हप्त्याहप्त्याने पैसे परत मिळाले. एकूण रक्कम बंद पडलेल्या दिवसाच्या किमतीपेक्षा जास्तच भरली.

म्हणजे पैसे मिळाले. पण ज्याच्या दर महिन्याच्या पाच तारखेला त्या फंडातून किराणा, औषधं आणि लाइटबिल यायचं, त्याचे दहा महिने कोरडे गेले. निवृत्त माणसाला शेवटी मिळून उपयोग नसतो, पाच तारखेला मिळावे लागतात. म्हणून सात टक्के देणारा फंड आणि साडेआठ देणारा फंड समोर असतील तर तो वरचा दीड टक्का कुठून येतोय हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. फॅक्टशीटमध्ये रोख्यांची यादी असते, शेजारी पत असते, वरून खाली: सॉव्हरिन (म्हणजे सरकारी), एएए, एए, ए. जितकी खाली उतराल तितका वरचा दीड टक्का सापडेल.

मामांना मी आधी फंड दाखवलाच नाही. आधी पोस्ट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला तो २०२५ संपेपर्यंत तसाच होता. ज्या दिवशी खातं उघडाल त्या दिवशीचा दर पाच वर्षं पक्का. तीस लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. ह्याच्या वर, ह्याच्याइतक्या खात्रीने देणारं काही बाजारात असेल तर मला दाखवा. फंडाचा विचार ही मर्यादा भरल्यानंतर करायचा. पाच लाख बचत खात्यात आणि छोट्या एफडींत, दवाखान्यासाठी. पाच लाख घराच्या गळतीसाठी, ती यंदा काढायचीच होती. उरले वीस लाख. फंड ह्या विसांसाठी.

'रिटायरमेंट फंड' अशा थेट नावाचेही फंड बँकेतल्या बाईंनी मामांना दाखवले होते. त्यांना पाच वर्षांचा किंवा निवृत्तीच्या वयापर्यंतचा लॉक-इन असे. चाळिशीतल्या माणसाला पैशाला हात लावू न देण्यासाठी तो बरा, पण जो आजच निवृत्त झालाय आणि ज्याला पुढच्या महिन्यात पैसे लागणार आहेत त्याला तो कशाला?

मग मामींनी वही काढली. घरखर्च महिन्याला ३३ हजार. पेन्शनचे साडेचार, पोस्टाचे साडेवीस, झाले पंचवीस. तूट आठ हजारांची. "मग वीस लाखांतून आठ हजार म्हणजे काहीच नाही," मामा म्हणाले. वर्षाला ९६ हजार, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. फंडाने सात टक्के दिले तर मुद्दल वाढतच राहील.

इथे थांबून सावकाश हिशोब करावा लागतो. आमच्या आजोळी कुडाळजवळ विहीर आहे. मार्चपर्यंत पंप दोन तास चालवला तरी सकाळी पाणी पुन्हा पायरीला लागलेलं असतं. मे महिन्यात तोच पंप दोन तास चालवला की तळ दिसतो. उपसा तोच, झरे आटलेले. फंडाचं तसंच आहे, फक्त इथे झरे तेवढेच राहतात आणि उपसा दरवर्षी वाढतो. कारण महागाई.

सात टक्के वाढ धरून वीस लाखांतून दरमहा १५ हजार काढले तर एकवीस वर्षांच्या आत विहीर संपते. वीस हजार काढले तर सव्वाबारा वर्षांत. दहा हजार काढले तर कधीच संपत नाही, असं कागदावर दिसतं. पण हेच दहा हजार दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढवत नेले, म्हणजे खर्च वाढतो तसे, तर एकोणीस वर्षांच्या आत खडखडाट. आठ हजारांपासून सुरू करून तसेच वाढवले तर चोवीस वर्षं. मामा आज एकसष्ट, म्हणजे पंच्याऐंशीपर्यंत. मामी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, हे त्यांनी स्वतःच लगेच सांगितलं.

आणि हाही हिशोब उदार आहे. सहा टक्क्यांनी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. ३३ हजारांचे ६६ हजार. तेव्हा पेन्शन साडेचारच असेल, पोस्टाचे साडेवीसच असतील (दर तेच राहिले असं धरून). तूट आठ हजारांची सोळा हजार होणार नाही. ती ४१ हजार होईल. घरात येणारे बाकीचे पैसे जागच्या जागी राहतात आणि महागाईचा सगळा भार एकट्या फंडावर येतो. हे गणित मी स्वतः पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. म्हणजे पुढे कधीतरी पोस्टातल्या तीस लाखांनाही हात लावावा लागणार, हे आजच मान्य करायचं. त्यात पाप नाही. पैसे जमवले ते ह्याचसाठी.

मामींनी वही मिटली. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि बाजार पडला तर?"

तर त्याच आठ हजारांसाठी जास्त युनिटं विकावी लागतात. भाव ५० असताना १६०, भाव ४० झाला तर २००. ती जादाची चाळीस युनिटं भाव पुन्हा वर येईल तेव्हा आपल्याकडे नसतात. एसआयपीत पडता भाव मित्र असतो, एसडब्ल्यूपीत तोच शत्रू. म्हणून शेअर जास्त असलेल्या फंडातून थेट महिना काढू नये, विशेषतः पहिल्या पाच-सात वर्षांत. आणि शेअर अजिबातच नकोत असंही म्हणून चालत नाही, कारण सहा टक्क्यांच्या महागाईला नुसते रोखे पुरे पडत नाहीत हे आत्ताच वहीत दिसलं. मार्ग मधला. सात-आठ लाख कमी मुदतीच्या, चांगल्या पतीच्या रोख्यांच्या फंडात, महिना तिथून काढायचा. उरलेले कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिडमध्ये मुकाट पडून राहू द्यायचे. बाजार बरा असलेल्या वर्षी तिथून इकडे थोडं ओतायचं, वाईट वर्षी हात लावायचा नाही. एवढं जमलं तरी पुष्कळ.

खर्चाचंही बघायला हवं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा 'डायरेक्ट' प्लॅन असतो, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. रेग्युलर, म्हणजे कमिशनवाला, आणि डायरेक्ट ह्यांच्यात समजा पाऊण टक्क्याचा फरक असेल तर वीस लाखांवर वर्षाला १५ हजार, म्हणजे मामांच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या तुटीएवढे. तुमचा एजंट घरी येऊन केवायसी करून देतो, बाजार पडल्यावर घाबरू नका म्हणून फोन करतो, उद्या मामींना एकट्याने सगळं निस्तरावं लागलं तर मदतीला येणार आहे, तर त्याला ते पैसे जरूर मिळावेत. फॉर्मवर सही घेऊन गायब होणाऱ्याला का द्यायचे?

मामींचं नाव जॉइंट होल्डर म्हणून आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो) टाकायचं, नॉमिनी मुलाला ठेवायचं. मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याने "माझ्याच नावावर घ्या ना" असा आग्रह धरला होता, तो मी मोडला. अमेरिकेत कर भरणाऱ्याच्या नावावर भारतीय म्युच्युअल फंड असले की तिकडच्या कर खात्याचे नियम फार जाचक आहेत, आणि मायेपोटी केलेली सोय त्याच्याच गळ्यात पडली असती.

त्या दिवशी काही सही झाली नाही. पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला. भोसरीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस डाय तपासायला जायचं ठरवलंय, महिन्याला दहा-बारा हजार देतील. "म्हणजे तीन वर्षं तरी विहिरीला पंप लावायला नको." वीस लाख सात टक्क्यांनी तीन वर्षं न हलवता राहिले तर साडेचोवीस होतात. हे त्यांनीच हिशोब करून मला सांगितलं. पैसे आम्ही ठरल्याप्रमाणे दोन फंडांत टाकले, ग्रोथ पर्यायात. एसडब्ल्यूपीचा फॉर्म मामींच्या वहीत घडी घालून ठेवलाय, कोरा.

परवा मित्राचा पुन्हा मेसेज आला, ह्या वेळी सात पैसे. मामांनी चष्मा लावला आणि एका बोटाने टाइप करून उत्तर पाठवलं: "छान. आदल्या दिवशी भाव किती होता?"